खालची पट्टी

‘ये’ या एका अक्षरावर हिलरीचा आवाज फाटला. नुसता चिरकला असता तर कुणी मनावर घेतलं नसतं. हा चांगला मधोमध फाटला, आणि चर्चच्या मागच्या बाजूला टेबलांवर सुपाचे वाडगे मांडणाऱ्या बायका हातातले वाडगे तसेच धरून उभ्या राहिल्या.

पियानोवर अर्सुला होती, हिलरीची आई. शहाऐंशीची, पण बसली की पाठ अशी ताठ, की बघणाऱ्याने आपली पाठ सरळ करावी. ती थांबली नाही. गाणाऱ्याचं गाऊन झाल्यावर पियानोने एकट्याने वाजवायचा जो तुकडा असतो, तो तिने शेवटपर्यंत वाजवला, पेडलवरचा पाय सावकाश उचलला आणि मग म्हणाली, “श्वास उशिरा घेतेस.”

“श्वासाचा काही संबंध नाही, आई.”

“मग कशाचा आहे?”

“तो स्वर आता माझ्याकडे नाही. गेला तो. कितीदा सांगू?”

अर्सुलाने चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसला. “तुझ्या बाबांनी तो तिथेच लिहिलाय,” ती म्हणाली, आणि विषय संपल्यासारखी समोरची पानं नीट करायला लागली.

गुरुवारी दुपारी इंग्लंडातल्या लेडबरी गावच्या या चर्चमध्ये गाणं असतं. लोक येतात, सूप पितात, तासभर ऐकतात आणि आपापल्या कामाला लागतात. पण हा गुरुवार क्लेमेंट हॅथरलीचा होता. तो असता तर त्या आठवड्यात शंभर वर्षांचा झाला असता. त्याची सहा गाणी, त्याच्या मुलीच्या गळ्यातून आणि त्याच्या बायकोच्या हातून. यापेक्षा जास्त काय हवं? गावातली जुनी माणसं सकाळपासूनच चांगले कोट घालून फिरत होती.

हिलरीच्या गळ्यातली गाठ काढून तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती लोकांसमोर गायली नव्हती. आवाज परत आला, नाही असं नाही. पण गेला तो निराळा आणि आला तो निराळा. खालचा, जाडसर, थोडा धुरकट. घरात दार लावून तिने त्याच्याशी हळूहळू जुळवून घेतलं होतं. आज त्याला पहिल्यांदा बाहेर आणायचं होतं, आणि तिने स्वतःला स्पष्ट बजावलं होतं: आज चारचौघांत फाटला तर पुन्हा उभं राहायचं नाही. घरी मुलांना शिकवायचं, बस्स.

सहापैकी पाच गाण्यांना काहीच अडचण आली नव्हती. अर्सुलाने ती हूं की चूं न करता खाली उतरवली होती. गळा उतरला की गाणं उतरवायचं, या गाणाऱ्या लोकांत त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सहावं मात्र ती उतरवू देईना. ‘पलीकडची बाग’. तेच सगळ्यांना पाठ, तेच ऐकायला माणसं येणार, आणि त्यातच तो मेला ‘ये’.

पाद्रीबाबांचे झगे टांगायच्या खोलीत मग सगळे जमले. खोली एवढीशी, त्यात पाच माणसं, झग्यांना ओलसर वास. हिलरीचा थोरला भाऊ एड्रियन दाराला पाठ लावून उभा राहिला, जणू कुणी पळून जाणार होतं. बाबांचं नाव जपणं हा एड्रियनचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. कार्यक्रमपत्रिका त्यानेच छापून घेतली होती, डोळ्यांत तेल घालून तपासली होती, आणि बाबांचा फोटोही असा निवडला होता की त्यात ते वाजवीपेक्षा दयाळू दिसत होते.

“हे बघ, हिल,” तो म्हणाला, “एक स्वर आहे. एकच. बाकी गाणं तू सुंदर गातेस.”

“त्या एका स्वरासाठीच बाकीचं गाणं आहे, एड्रियन. तू त्यांचा मुलगा आहेस, तुला हे मी सांगायचं?”

“तीन पट्ट्या खाली घेतलं तर प्रश्न मिटतो,” टॅबिथा म्हणाली. ही एड्रियनची मुलगी, मँचेस्टरला पियानो शिकून आलेली, सव्वीस वर्षांची, आणि खोलीतल्या पाचांपैकी घाबरलेली नसलेली एकटीच. “आजीला नको असेल तर शेवटचं मी वाजवते, आत्या. मला कागद नको. बसते आणि खाली घेते.”

“तू मध्ये पडू नकोस,” एड्रियन म्हणाला.

“का नको?” हे डेनीजने विचारलं. डेनीज म्हणजे एड्रियनची बायको. उत्तरेकडच्या बार्न्झलीहून या घरात आली त्याला जन्म लोटला, तरी हॅथरलींची हळू बोलायची सवय तिला काही लागली नाही. “पोरीला पियानो शिकवला तो कशाला, फुलदाणी ठेवायला?”

“डेनीज, प्रश्न तत्त्वाचा आहे. बाबांनी ज्या पट्टीत लिहिलं—”

“मग पाच गाणी उतरवली तेव्हा तत्त्व कुठे गेलं होतं? चहा प्यायला?”

खरं म्हणजे हा प्रश्न एड्रियनलाही पडला होता. पण आईला प्रश्न विचारायचे नसतात हे तो चालायला लागला त्याच सुमाराला शिकला होता. “शेवटचं वेगळं आहे,” तो म्हणाला. “ते आईचं आहे. त्यावर लिहिलंय, ‘माझ्या पत्नीस’. आई जे म्हणेल ते.”

सगळ्यांनी अर्सुलाकडे बघितलं. ती खुर्चीत बसली होती, हातमोजे मांडीवर. संधिवातासाठी ती वाजवायच्या आधी हातमोजे घालून बोटं गरम ठेवायची.

“मी ते वरच वाजवणार,” ती म्हणाली. “खाली वाजवायचं असेल तर दुसऱ्या कुणी वाजवावं.”

“हे तुझं शेवटचं?” हिलरीने विचारलं.

“हो.”

हिलरीचा चेहरा लाल झाला. आईला ती कधी उलटून बोलली नव्हती असं नाही. पण पियानोवरची आई ही तिच्यासाठी निराळीच बाई होती. सतराव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली तेव्हापासून ही बाई तिच्या डाव्या खांद्यामागे बसलेली. घाई झाली तर सावरून घेणारी, एक ओळ गळली तर तिथून पुढे उचलणारी. एकदा ताप असताना हिलरी मधलं अख्खं कडवं विसरली होती, तर आईने ते अशा सफाईने ओलांडलं होतं की ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. आणि आज हीच बाई म्हणत होती, पड.

“बरं,” हिलरी म्हणाली. “टॅबी, शेवटचं तू वाजव.”

अर्सुलाने हातमोजे पर्समध्ये ठेवले, पर्सची कडी लावली, उठली आणि एड्रियनला म्हणाली, “जरा सरकतोस?” तो सरकला. ती गेली.

“कुणाला चहा हवाय का?” एड्रियनने विचारलं. या घराण्यात छप्पर खाली आलं तरी आधी हेच विचारतील.

“हवाय,” डेनीज म्हणाली. “तुला. आणि बायकोशी पाच मिनिटं बोलू नकोस, ती बाहेर चाललीय.”

अर्सुला चर्चच्या आवारातल्या बाकावर बसली होती. ऊन होतं, पण वारा गार. डेनीज कागदात दोन सँडविच घेऊन आली आणि न विचारता शेजारी टेकली.

“अंड्याचं आणलंय. काकडीचं होतं, पण ते ओलं झालंय.”

“भूक नाही.”

“भूक कुणी विचारलीय? पाच गाणी वाजवायची आहेत तुम्हाला. खा.”

अर्सुलाने कडा सोडून मधलं खाल्लं. डेनीजने कडा खाल्ल्या. या दोघींचं असंच होतं. लग्नाच्या वेळी अर्सुलाने एवढंच म्हटलं होतं, ‘मुलगी मोठ्याने हसते’, आणि डेनीजच्या कानावर ते गेल्यावर ती अजून मोठ्याने हसली होती. त्यानंतर बरीच वर्षं एकमेकींपासून हातभर लांब. मग क्लेमेंटचं दुखणं आलं, रात्रीची जागरणं आली, आणि कुणालाही न सांगता त्या हातभराची चार बोटं झाली.

“अर्सुला, एक विचारू? राग आला तर आला.”

“विचारल्यावाचून कधी राहिली आहेस?”

“त्या गाण्यात असं काय आहे?”

अर्सुलाने तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “तुला सुरातलं काही कळत नाही ना, डेनीज?”

“ओ की ठो कळत नाही.”

“म्हणून तुला सांगते. त्यांच्यातल्या कुणाला सांगितलं तर ते आधी पट्टीबद्दलच बोलतील.” तिने मांडीवरचे पावाचे कण झटकले. “ते गाणं वरच्या पट्टीत लिहिलेलं नाही. ते खालचंच आहे. तीन पट्ट्या खाली, म्हणजे हिल म्हणतेय बरोब्बर तिथेच. ऑड्रे केटलवेल म्हणून एक बाई होती. खालचा आवाज. तिच्यासाठी लिहिलं. क्लेमेंटचं आणि तिचं होतं.”

“होतं म्हणजे?”

“होतं म्हणजे होतं, डेनीज.”

डेनीजने उरलेली कड कागदात ठेवली.

“माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. ती तालमीला आमच्याच घरी यायची. पियानोवर मी. तो खिडकीशी उभा राहायचा, बाहेर बघत. तिच्याकडे चुकूनसुद्धा बघायचा नाही. त्यावरूनच कळलं मला. समोर कुणी इतकं सुंदर गात असताना माणूस बघणार नाही, असं होतं का?”

“आणि तुम्ही वाजवत राहिलात?”

“चांगलं वाजवलं. उत्तम वाजवलं. माझं चुकलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मला कळलंय.”

“अगं बाई!” डेनीज म्हणाली. “पुढे?”

“पुढे ती कॅनडाला गेली. का गेली, कुणी जा म्हटलं, मी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात एके दिवशी क्लेमेंटने ते गाणं माझ्यापुढे आणून ठेवलं. तीन पट्ट्या चढवलेलं. वर लिहिलं होतं, माझ्या पत्नीस. म्हणाला, ‘हे तुझं.’ मी म्हटलं, ‘छान झालंय.’”

“छान झालंय?”

“मग काय म्हणू? तेवीस वर्षांची होते. मला तो हवा होता. तोही मनापासून परत आला होता, खोटं कशाला बोलू; पुढे सगळं आयुष्य चांगलं गेलं आमचं.” अर्सुलाचा आवाज हलला, आणि हललेला आवाज लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “पण वरच्या पट्टीत ते माझं आहे, डेनीज. खाली घेतलं की ते तिचं होतं. खालच्या आवाजाच्या किती गायिकांनी विचारलं, मी कुणाला होकार दिला नाही. मी ते खाली वाजवलं ना, तर ती येऊन उभी राहील पियानोच्या कडेला. आणि या वेळी माझ्या मुलीच्या तोंडून गाईल. ते मला ऐकवणार नाही.”

“आहे का ती अजून?”

“कधीच वारली.”

डेनीजने तिच्या गार हातावर आपला हात ठेवला. हॅथरली मंडळींत असं कुणी करत नाही; पण अर्सुलाने हात काढून घेतला नाही. “मग बघा,” डेनीज म्हणाली, “मेलेल्या बाईची खुर्ची तुम्ही अडवून धरलीय, आणि तुमची पोरगी आत उभी आहे, तिला टेकायला जागा नाही.”

“फार आगाऊ आहेस तू.”

“आहेच मुळी. चला आत, वारा लागतोय तुम्हाला. आणि मी कुणापाशी बोलणार नाही. एड्रियनपाशी तर नाहीच. आठवडाभर मला झोपू देणार नाही तो.”

इकडे झग्यांच्या खोलीत हिलरी आरशाशिवाय केस नीट करत होती. एड्रियन चहा घेऊन आला. चहा गार झाला होता. बहुतेक तो दाराबाहेर बराच वेळ उभा असावा.

“आईला पियानोवरून उठवलंस,” तो म्हणाला. “बाबांच्या दिवशी.”

“तिने मला गाण्यातून उठवलं असतं. तेही बाबांच्याच दिवशी.”

“ती शहाऐंशीची आहे.”

“आणि मी पुढच्या वर्षी एकोणसाठची होईन, एड्रियन. हे आज गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझ्याकडे डेनीज आहे, टॅबी आहे, ती बाबांची पत्रं लावायची तुझी खोली आहे. मी गाते. मी एवढंच करते. तीन वर्षं मी ते केलं नाही, आणि कुणाच्या लक्षात आलं का की मी जेवणाच्या टेबलावर बोलणंच सोडलंय?”

एड्रियनने कप कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला. त्याच्या लक्षात आलं होतं. दर नाताळात आलं होतं. विचारायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. जिन्याच्या वळणावर बसून गाणारी सात वर्षांची हिल त्याला आठवली. आवाज तिथे घुमतो म्हणून ती तिथेच बसायची, आणि तो खालच्या पायरीवर शाळेचा अभ्यास करायचा. तेव्हा तो तिच्या बाजूने होता. मध्ये कधी बाजू बदलली, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

“टॅबीला सांग,” तो अखेर म्हणाला, “शेवटी पेडल लवकर सोडू नको म्हणावं. तिची ती खोड आहे.”

हिलरी वळली. हा एड्रियनचा होकार होता. याहून स्पष्ट होकार त्याला देता येत नसे. तिने त्याच्या हातातला कप घेतला आणि तो गार चहा सगळा पिऊन टाकला.

चर्च भरलं. बाकांवर जागा उरली नाही तेव्हा मुलांच्या शाळेतल्या बुटक्या खुर्च्या आणल्या आणि त्यांवर मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. पाद्रीबाबांनी मोबाइल बंद करायला सांगितलं, सूप अजून शिल्लक आहे हेही सांगितलं. अर्सुला आणि हिलरी बरोबर चालत आल्या. दोघींत एक शब्द झाला नव्हता.

पहिली पाच गाणी एका दमात झाली. गाण्यांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, सगळी संपल्यावर वाजवायच्या, हा इथला रिवाज. त्यामुळे गाणं झालं की लोक नुसते हलतात, खोकायचं ते खोकून घेतात, पत्रिकेचं पान उलटतात. पहिल्या गाण्यानंतर ते हलणं मोठं होतं. तिसऱ्यानंतर कुणी हललं नाही. हिलरीचा नवा आवाज बाकांवरून मागे गेला, खांबांपर्यंत गेला, आणि लोकांनी तो ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा आधी सावधपणे आणि मग मोकळेपणाने घरात घेतला. डेनीजला सुरातलं काही कळत नव्हतं, पण तिच्या पुढचा म्हातारा रुमाल काढत होता एवढं तिला दिसलं.

पाचवं संपलं. टॅबिथा पहिल्या बाकावरून अर्धी उठली.

अर्सुलाने तिच्याकडे न बघता हात वर केला. टॅबिथा तशीच बसली. मग अर्सुला स्वतः उठली, पियानोच्या कडेला धरून लोकांकडे तोंड करून उभी राहिली. साथ करणारं माणूस कधी बोलत नाही. हिलरीने वळून बघितलं. आईला बरं वाटत नाहीये, तिला वाटलं. किंवा आई सांगणार आहे की शेवटचं गाणं होणार नाही.

“कार्यक्रमपत्रिकेत एक चूक राहिलीय,” अर्सुला म्हणाली.

असं इथे नेहमी सांगतात. एखादं साल चुकलेलं असतं, एखाद्या नावात अक्षर कमी असतं. लोकांनी निमूटपणे पत्रिका उघडल्या. एड्रियनच्या कानाच्या पाळ्या तापल्या; कुठली चूक, शक्यच नाही, त्याने स्वतः तपासली होती.

“शेवटच्या गाण्याखाली ‘माझ्या पत्नीस’ असं छापलंय. पत्नी म्हणजे मी. ते गाणं माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. मिस ऑड्रे केटलवेल यांच्यासाठी होतं. त्यांचा आवाज फार सुंदर होता. आपण ते आज त्यांच्या पट्टीत ऐकणार आहोत. मूळ पट्टी तीच.” ती क्षणभर थांबली. “तेव्हाही पियानोवर मीच होते. तर कृपया दुरुस्ती करून घ्यावी.”

आणि ती बसली.

कुणीतरी खरोखरच पेन काढून दुरुस्ती केली. एड्रियन पत्रिकेतल्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. मग त्याने पान उलटून बाबांच्या फोटोकडे बघितलं, आणि मग आईच्या पाठीकडे. पाठ ताठ होती. त्याने डेनीजचा हात शोधला. डेनीजने तो आधीच पुढे केला होता.

हिलरीला गायचं होतं. आत्ता, लगेच. बाबा, ती बाई, आई, सगळं एकदम अंगावर आलं होतं. तिने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. आईने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, आणि ओठ न हलवता, फक्त तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, “मी आहे. श्वास घे.”

अर्सुलाच्या समोर कागद वरच्या पट्टीचाच होता. तिने तो बघितला नाही. बोटांना ठाऊक होतं. साठ वर्षांहून जास्त काळ त्यांनी त्या जागांना हात लावला नव्हता, आणि पहिला स्वर दाबला तेव्हा ती घरातल्या त्या लहानशा खोलीत होती, खिडकीशी तो उभा होता, आणि पियानोच्या कडेला हिरव्या झग्यातली ऑड्रे श्वास घेत होती. आता येईल, अर्सुलाला वाटलं. येऊ दे.

गाणं साधं आहे. एक बाई कुंपणाशी उभी आहे, पलीकडे सफरचंदाची बाग, बागेत कुणीतरी आहे आणि दिसत नाही. फुलं गळताहेत. ती हाक मारते. कुणी येत नाही, आणि ती स्वतःच फाटक लावून घेते. वरच्या पट्टीत ती हाक बागेच्या दुसऱ्या टोकाला पोचेल अशी उंच जायची. लोकांना तीच आवडायची.

हिलरीने ‘ये’ म्हटलं. ती ओरडली नाही, तिला ओरडावं लागलंच नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, पूर्ण आवाजात, धुरकट आणि गरम. स्वर लागला, टिकला, आणि तिने तो जितका वेळ धरायचा तितका धरून खाली ठेवला.

अर्सुला ऐकत होती. ती ऑड्रेची वाट बघत होती. पुढच्या ओळीत येईल, फाटकाच्या ओळीत येईल. पण गळा हिलचा होता, लहानपणी डांग्या खोकल्याने रात्र रात्र ज्याला झोप आली नाही तो गळा, डॉक्टरांनी उघडून पुन्हा शिवला तो गळा. त्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. गाणं संपेपर्यंत ऑड्रे आली नाही. शेवटचा एकटीने वाजवायचा तुकडा वाजवताना अर्सुलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे तिला ते पुसता आलं नाही.

पेडलवरचा पाय तिने उचलला. मग मागून कुणीतरी सुरुवात केली आणि टाळ्यांनी चर्च दणाणलं. बुटक्या खुर्च्यांवरची माणसं कशीबशी उठून उभी राहिली. हिलरीने वाकून नमस्कार केला, आणि रीतीप्रमाणे आईला उठवायला हात पुढे केला. आई उठली नाही. तेव्हा हिलरीच खाली वाकली.

“रडू नकोस,” अर्सुला म्हणाली, स्वतःचे गाल पुसत. “गळा सुजतो.”

“आई, तू इतकी वर्षं—”

“ते घरी गेल्यावर. आता माझं ऐक. हे तिचं होतं, तिला देऊन झालं. आता अजून एकदा म्हण. माझ्यासाठी.”

हिलरीने नाक ओढलं, सरळ झाली, लोकांकडे बघितलं, आणि पुन्हा वाकून विचारलं, “कुठल्या पट्टीत?”

“ह्याच,” अर्सुला म्हणाली, आणि वाजवायला लागली.